मामींसाठी चार इंच

पिकअपच्या केबिनमध्ये माझी चप्पल तरंगायला लागली तेव्हा मी ठरवलं, गाडी उंच करायची. डाव्या पायातली सुटली, ब्रेकपाशी जाऊन जराशी थांबली आणि मग क्लचकडे निघाली. मी गाडी तशीच मागे घेतली, काठावर आणली आणि दार उघडलं. आतलं पाणी बाहेर पडलं, पाण्याबरोबर चप्पलही पडली आणि ओढ्याला लागली. काठावर साखराबाई गवताचा भारा डोक्यावर घेऊन उभी होती. आमचं शेत ती बटईनं करते. ती म्हणाली, "दादा, चप्पल बंधाऱ्याला अडकंल. उद्या आणून देते." आणि साडी जराशी वर खोचून त्याच पाण्यातून चालत पलीकडे गेली.

पुढच्या नऊ दिवसांत ही गोष्ट मी ज्याला त्याला सांगितली. प्रत्येकानं एक एक सल्ला दिला. चपलेचं काय झालं असं कोणी विचारलं नाही.

नऊ दिवस यासाठी की नवव्या दिवशी येळवस होती. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्या लातूर-कंधारकडे घरात माणूस राहत नाही, सगळे अंबील आणि पालेभाज्यांची भज्जी घेऊन शेतात जातात. त्या दिवशी मामी येणार होत्या. मामी म्हणजे नागम्मा, माझ्या सासूबाई. वय ब्याऐंशी. उदगीरकडच्या खेड्यात मुलाजवळ राहतात. त्यांची मुलगी चांगुणा ही माझी बायको. ती दीड वर्षापूर्वी मे महिन्यात गेली. आमच्यात पुरतात. तिला शेतात लिंबाखाली ठेवलं. त्याच्या बारा दिवस आधी मामी न्हाणीत पडल्या होत्या आणि खुब्याचं ऑपरेशन होऊन दवाखान्यात होत्या. त्यांना लेकीचं तोंड बघायला मिळालं नाही. जागाही त्यांनी अजून बघितली नव्हती.

त्यांचा मुलगा अण्णाराव याचा फोन आला. "दाजी, आई म्हणायली, या येळवशीला चांगुणाकडं जायचं. मी गाडीनं ओढ्यापर्यंत आणून सोडतो. पुढचं तुमी बघा."

मी "बघतो" म्हणालो. तीस वर्षं नोकरीत कुठल्याही प्रश्नाला मी हेच उत्तर दिलं होतं. या वेळी खरंच बघावं लागणार होतं.

ओढा मे महिन्यात कोरडा असतो. चांगुणाला नेलं तेव्हा गाड्या त्यातून सरळ गेल्या. पण खाली बंधारा आहे. ऑक्टोबरात त्याला लोखंडी दारं टाकली की ओढ्यातल्या वाटेच्या फरशीवर पाणी चढतं आणि मध्यावर माणसाच्या मांडीला लागतं. हा बंधारा व्हावा म्हणून गावात घरोघर फिरून सह्या चांगुणानंच गोळा केल्या होत्या. पहिली सही तिची, दुसरी माझी. त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार.

मी अण्णारावला म्हणालो, "मामींना खुर्चीत बसवू. चौघं जण खुर्ची उचलून नेऊ."

त्यानं आत जाऊन विचारलं. फोनवर मला कानडीत काहीतरी ऐकू आलं. अण्णाराव परत येऊन म्हणाला, "आई म्हणती, चौघांनी मला एकदाच उचलायचं. त्याला अजून वेळ हाय."

ट्रॅक्टर म्हणावा तर डॉक्टरांनी धक्के बसू देऊ नका म्हणून बजावलं होतं. राहिली आमची पिकअप. ती त्याच दिवशी ओढ्यात घालून बघितली, आणि तिच्यात चप्पल तरंगली.

कोणी म्हणेल, मग मामींशी तुम्ही स्वतः का नाही बोललात. आमच्या घराण्यात जावई सासूशी तोंडावर बोलत नाही. चौतीस वर्षं मी मामींशी जे बोललो ते चांगुणामार्फत. मी चांगुणाला म्हणायचो, "मामींना म्हणावं, जेवून घ्या." मामी हातभर अंतरावर बसलेल्या असायच्या. त्या चांगुणाला म्हणायच्या, "त्यांना सांग, माझं झालं." चांगुणा दोघांना काही सांगायची नाही, नुसती भाजी निवडत बसायची. तरी तिच्याशिवाय आमचं बोलणं होत नव्हतं. ती गेल्यापासून ते बंदच होतं.

पहिला सल्ला शेजारच्या दयानंद गुरुजींनी दिला. ते म्हणाले, "मोठे टायर टाका." मोठे टायर टाकले तर ते मडगार्डला घासतात, हे मला टायरवाल्यानं सांगितलं. गुरुजी म्हणाले, "मग मडगार्ड कापा." गुरुजींकडे गाडी नाही. दुसरा सल्ला डेपोतल्या जुन्या मेकॅनिकचा. मागच्या कमानीत आणखी दोन पाटे घाला, गाडी आपोआप उचलते. पण पाटे घातले की गाडी कडक होते, आणि कडक झाली की धक्के. तिसरा सल्ला माझ्या मुलीचा. ऋतुजा हैदराबादला असते. ती फोनवर तोंड दाखवत म्हणाली, "पप्पा, तुम्हाला बॉडी लिफ्ट पाहिजे. मी व्हिडिओ पाठवते. चाकं तीच, स्प्रिंगा त्याच, फक्त वरची बॉडी उचलायची. धक्के वाढत नाहीत."

व्हिडिओमध्ये कुठल्या तरी परदेशात एक लाल गाल झालेला माणूस एकटाच शीळ घालत अख्ख्या गाडीची बॉडी उचलत होता. अकरा मिनिटांत त्याचं झालं.

मी एसटीत होतो म्हणून मला गाड्यांतलं कळतं असा कंधारात समज आहे. मी कंट्रोलर होतो. नायगाव गाडी कोणत्या फलाटावर आहे आणि उमरी गाडी का आली नाही, हे मी भोंग्यावरून सांगायचो. बोनेटखाली काय असतं ते बघायची वेळ माझ्यावर आली नाही. पण कंट्रोलर साहेबांना गाडीतलं कळत नाही, हे साठीनंतर स्वतःच्या तोंडानं सांगणं जड जातं. म्हणून मी लातूरला रिंग रोडवर व्यंकट मिस्त्रीकडे गेलो आणि मोठ्या आवाजात म्हणालो, "बॉडी लिफ्ट करायचंय."

व्यंकट गाडीखाली होता. तो तिथूनच म्हणाला, "कशासाठी?"

"पाण्यासाठी."

तो बाहेर आला. हात पुसले. मला स्टुलावर बसवून त्यानं समजावून सांगितलं. गाडीचा खालचा सांगाडा वेगळा, त्याला चेसिस म्हणायचं. त्यावर केबिन आठ बोल्टांवर बसवलेली असते आणि मागचा हौदा आणखी आठ बोल्टांवर. बोल्ट काढायचे, मधे ठोकळे घालायचे, लांब बोल्ट टाकून परत आवळायचं. ठोकळे लोखंडाचे असतात, रबराचे असतात, नायलॉनचे असतात. लोखंड गंजतं, रबर दबतं. मी नायलॉन म्हणालो.

"किती इंची? दोन घ्या. दोनात काम व्हतंय."

"चार."

"चार म्हंजी लई व्हतंय, साहेब. स्टिअरिंगचा दांडा पुरायचा न्हाई, जोड द्यावा लागंल."

"पाणी साडेतीन इंच आत येतं. मी दारावर खडूनं खूण केली आहे."

"पाणी काय, कमी बी व्हईल."

"सासूबाईंना न्यायचंय."

व्यंकटनं वही काढली. त्यानं वहीत चार लिहिले. मग जाताना एवढं म्हणाला, "इंजिन जागेवरच ऱ्हातंय बरं का. वरचं वर जाईल, खालचं खालीच ऱ्हाईल. सायलेन्सर बी खालीच." मी मान हलवली. कळल्यावर हलवतात तशी हलवली.

तीन दिवसांत गाडी देतो असं ठरलं. पहिल्या दिवशी ठोकळे आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले ते सोळाच्या जागी दहा. तिसऱ्या दिवशी स्टिअरिंगच्या दांड्याला जोड द्यायला लेथवर गेलेला माणूस मेव्हण्याच्या साखरपुड्याला निघून गेला. मी रोज कंधारहून एसटीनं लातूरला जायचो, स्टुलावर बसायचो आणि संध्याकाळी परत यायचो. पूर्वीचे कंडक्टर भेटायचे. "साहेब, रोज लातूर? काय दवाखाना?" मी म्हणायचो, "गाडीचं आहे." ते म्हणायचे, "काय झालं गाडीला?" मी म्हणायचो, "उंच करतोय." पाचव्या दिवशी मी दवाखाना आहे असंच सांगायला लागलो.

सहाव्या दिवशी व्यंकटनं गाडी दिली. दहातले आठ ठोकळे केबिनखाली गेले होते. उरलेल्या दोनांवर हौदा उचलता येईना, म्हणून हौदा होता तिथंच राहिला. केबिन चार इंच वर आणि हौदा खाली. लग्नात मागच्या रांगेतला माणूस जेवण कुठपर्यंत आलं ते बघायला मान वर करतो, तशी गाडी दिसत होती.

"सासूबाई केबिनमधीच बसणार ना?" व्यंकट म्हणाला. "मग हौद्याचं काय अडलं तुमचं?"

ते बरोबर होतं. मी गाडी सरळ कंधारला आणली. बसस्थानकासमोरून जाताना चहावाल्यानं कपातला चहा सांडला. मी सरळ समोर बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद बघितले तेव्हा कळलं की गाडीच्या पासिंगची मुदत येळवशीच्या आदल्या दिवशी संपते. मी नोकरीत एकही गाडी कागदाशिवाय स्थानकाबाहेर सोडलेली नाही. नांदेडला गेलो. पासिंगच्या रांगेत उभा राहिलो. साहेब तरुण होते. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, थांबले आणि परत एक फेरी मारली.

"ही अशी का बघायलीय?"

"कशी?"

"मान वर करून."

मी म्हणालो, जराशी बॉडी उचलली आहे. त्यांनी टेप मागवला. पुस्तकातला आकडा वाचला, टेपवरचा वाचला. "चार इंच वाढली. काका, वय झालं की माणूस आखडतो. गाडी वाढते का?"

रांगेतले हसले. मी ओढ्याचं सांगितलं, मामींचं सांगितलं, चपलेचंही सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "पुढं घ्या." मी घेतली. "आता मागं घ्या."

रिव्हर्स पडेना. मी काठी दाबली, ओढली, दोन्ही हातांनी धरली. केबिन चार इंच वर गेली होती आणि गिअरची काठी खालीच राहिली होती. रिव्हर्सच्या जागी न्यायला लागलं की ती फ्लोअरच्या कडेला अडकत होती. लातूरहून कंधार आणि कंधारहून नांदेड मी पुढेच जात आलो होतो, त्यामुळे कळलं नव्हतं. शेवटी मागच्या दोन ट्रकवाल्यांनी गाडी ढकलून मागे घेतली. मी आत बसून स्टिअरिंग धरलं होतं.

साहेबांनी कागदावर लिहिलं आणि लिहिता लिहिता म्हणाले, "जे नको ते चार इंच जास्ती हाय, आणि जे पाहिजे ते न्हाई. पहिल्यासारखी करून आणा."

मी फाटकाबाहेर येऊन व्यंकटला फोन लावला. मागे भांड्यांचा आवाज येत होता. तो गावी निघायची बांधाबांध करत होता.

"साहेब, पर्वा येळवस. लातुरात आता तुमाला पंक्चर काढायला माणूस मिळायचा न्हाई. अमावस्येनंतर या, कड कापून देतो. पंधरा मिन्टाचं काम."

"मला रिव्हर्स परवाच लागणार."

"कशाला? सासूबाईला पुढं न्यायचंय ना?"

"आणायचं पण आहे."

"तिकडं शेत हाय की. गोल वळवा."

त्याचं म्हणणं खोडता येत नव्हतं. तेवढ्यात अण्णारावचा निरोप आला. आईनं आतापासूनच पिशवी भरून दारात ठेवली आहे. दोन दिवस आहेत म्हटलं तर ऐकत नाही.

मी तिथंच फाटकाबाहेर बसलो. ठोकळे काढायचे तर मिस्त्री नाही. ठेवायचे तर पासिंग नाही. मुदत मात्र उद्या संध्याकाळपर्यंत होती. मग माझ्या डोक्यात नोकरीतली अक्कल आली. उद्या दिवसाउजेडी गाडी शेताजवळच्या गावात नेऊन उभी करायची. गावापासून शेतापर्यंत पाणंद आहे, तिथं कोण पासिंग बघतं. कागदाच्या मुदतीत डांबरी संपवायची.

आदल्या दिवशी निघताना दयानंद गुरुजींनी खिडकीतून शेवटचा सल्ला दिला. "पाण्यात थांबायचं न्हाई. एका दमात पलीकडं. थांबलात की सायलेन्सरमधी पाणी, आणि इंजिन गेलं." त्यांनी हे तीनदा सांगितलं, शाळेत सांगतात तसं, आणि माझ्याकडून एकदा म्हणून घेतलं.

गाडी मी साखराबाईच्या दारात लावली. ती भज्जीसाठी पालेभाजी निवडत होती. गाडीकडे तिनं बराच वेळ बघितलं, पण चांगली बाई आहे, विषय चांगुणाच्या समाधीचा काढला. समाधीला परवाच चुना दिला असं म्हणाली. ही समाधी बांधली ती गवंड्यानं आणि साखराबाईनं. मी फोटो बघून हो म्हणालो होतो.

"दादा, तुमी बी तिकडं दीड वरसात आला न्हाईत."

"पाणी होतं."

"उन्हाळ्यात बी व्हतं?"

"ऊन होतं."

"हाव," साखराबाई म्हणाली. "ऊन लई व्हतं." आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

येळवशीच्या दिवशी नऊ वाजता अण्णारावची गाडी ओढ्यापाशी आली. ओढ्यावर निम्मं गाव होतं. बायका डोक्यावर अंबिलीची बिंदगी घेऊन पाण्यातून जात होत्या. मामी उतरल्या. पूर्वीपेक्षा बारीक झाल्या होत्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात ती पिशवी. त्या पिकअपसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी वर बघितलं.

केबिनची पायरी त्यांच्या मांडीला लागत होती, फ्लोअर कमरेला. त्यांनी एक पाय उचलून बघितला. तो वीतभर उचलला. परत खाली ठेवला. नऊ दिवस मी पाण्याची उंची मोजली होती. मामींच्या पायाची कोणीच मोजली नव्हती.

अण्णाराव पुढं झाला. "आई, मी आन दाजी धरून वर—"

"ब्याडा," मामी म्हणाल्या. कानडी कळायची गरज नव्हती. काठी त्यांनी जमिनीत रोवली होती.

कोणी म्हणालं खाट आणा, कोणी म्हणालं शिडी आणा. शिडीवाला माणूस शिडी आणायला निघालासुद्धा. मी इकडे तिकडे बघितलं. काठावर बंधाऱ्याची लोखंडी दारं ठेवायचा सिमेंटचा ओटा आहे. दारं पाण्यात असल्यामुळे तो रिकामा होता. एका बाजूनं त्याला उतार आहे. मामी उतारानं चढल्या, तर ओट्यावरून केबिनमध्ये सरळ पाय टाकता येईल. फक्त गाडी ओट्याला चिकटून लागली पाहिजे. म्हणजे फलाटाला गाडी लावणं. हे काम मी तीस वर्षं दुसऱ्यांकडून करून घेतलं होतं.

पहिल्या खेपेला दोन हात अंतर राहिलं. रिव्हर्स नसल्यामुळे पुन्हा लावायची तर पूर्ण फेरी मारून यावं लागे, आणि फेरी कोणाच्या तरी हरभऱ्यातून होती. दुसऱ्या खेपेला हातभर राहिलं. आता निम्मं गाव मला हात करत होतं. "घ्या घ्या घ्या. डावीकडं कट मारा. साहेब, आरशात बघा." एक जण म्हणाला, "हे कंट्रोलर व्हते म्हणं." तिसऱ्या खेपेला मी कोणाचंच ऐकलं नाही. आरसा ओट्याच्या कडेवरून खरवडत गेला आणि गाडी थांबली. मधे चार बोटं होती. हरभऱ्याचा मालक काठावर उभा होता. तो मामींकडे बघून बाजूला सरकला.

मामी ओटा चढल्या, केबिनमध्ये पाय टाकला, सीटवर बसल्या आणि पदर नीट केला. मी पहिला गिअर टाकला.

पाणी चाकाला लागलं, मग बंपरला. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं. ते जोड दिलेल्या जागी कुरकुरत होतं. मागे जायची सोय नाही हे मला माहीत होतं, मामींना नव्हतं. मध्यावर पाणी दारावरच्या खडूच्या खुणेच्या चार इंच खाली राहिलं. मी खाली बघितलं. पायाशी एक थेंब नव्हता. चार इंच बरोबर होते. दोन इंच घेतले असते तर आलं असतं आत. हे सांगायला मला कोणी पाहिजे होतं, पण शेजारी मामी होत्या.

खोल भाग संपला. गाडी चढाला लागली. काठाला आता पंचवीस पावलं राहिली असतील. तेव्हा समोरच्या ज्वारीवर लिंबाचा शेंडा दिसला, आणि गाडी जराशी पुढं गेल्यावर लिंबाखाली पांढरं दिसलं. फोटोत ते मोठं वाटलं होतं. प्रत्यक्षात लहान होतं.

माझा पाय ब्रेकवर गेला. मी टाकला नाही, गेला. इंजिननं दोन हिसके दिले, मागे पाण्यात बुडबुडे आले आणि गाडी बंद पडली. चावी फिरवली. गुरगुरली. पुन्हा फिरवली. गुरगुरलीही नाही.

काठावरून आवाज यायला लागले. ट्रॅक्टर आणा. दोर आणा. ट्रॅक्टर सगळे शेतात गेले होते. मी चावी फिरवत होतो. घाम डोळ्यांत आला होता. एवढं सगळं करून मामींना पंचवीस पावलांवर आणून अडकवलं होतं. मी समोरच्या काचेला म्हणालो, "अण्णारावला म्हणावं, काहीतरी करतो."

"कुणाशी बोलायलात?" मामी म्हणाल्या.

मी चावी सोडली. चौतीस वर्षांत त्या मला थेट काही बोलल्या नव्हत्या.

"थांबलात का?"

"ब्रेक लागला."

"लागला का लावला?"

त्यांनी समोर बघितलं. "ते पांढरं हाय तेच का?"

"हो."

"जवळच हाय की." आणि त्यांनी दाराची कडी ओढली.

"मामी, पाणी आहे."

"दिसतंय."

"तुमचा खुबा—"

"डॉक्टर म्हणला व्हता, पाण्यात चालत जा, पायावर वजन पडत न्हाई. आमच्या घरी चालण्याएवढं पाणी कुठं हाय?"

मी त्यांच्याकडे बघितलं. "मग आधी का नाही सांगितलं?"

"इचारलं कुणी? चौघांनी उचलू का म्हणलं, म्हणून नको म्हणलं. मग अण्णा म्हणला, दाजी गाडी उंच करायलेत. म्हणलं, करू द्या. माणसाला काही तरी पाह्यजे करायला." त्यांनी पाय बाहेर सोडले. "या इकडून. धरा. उचलू नका, नुसतं धरा."

मी माझ्या बाजूनं पाण्यात उतरलो आणि गाडीला वळसा घालून तिकडे गेलो. त्या सीटवरून घसरल्या, माझे खांदे धरले आणि फरशीवर उभ्या राहिल्या. पाणी त्यांच्या गुडघ्याच्या वर होतं. पिशवी त्यांनी डोक्यावर ठेवली. काठी मला दिली. आम्ही निघालो. साखराबाई डोक्यावर अंबिलीचं बिंदगं घेऊन मागून आली, आमच्या पुढं गेली नाही, बाजूबाजूनं चालत राहिली.

गाडीचं पुढं काय झालं ते सांगून टाकतो. संध्याकाळी तिला ट्रॅक्टरनं ओढून काढलं, ती पण पुढच्याच बाजूला. ठोकळे आता दयानंद गुरुजींकडे आहेत. त्यांनी तुळशीच्या कुंडीखाली ठेवलेत.

पाण्यातून बाहेर आलो तेव्हा मामींना दम लागला होता. मी त्यांना बांधावर टेकवलं आणि म्हणालो, "तुम्ही साखराबाईबरोबर पुढं व्हा. मी गाडीचं बघून येतो."

त्यांनी माझा हात सोडला नाही. "गाडी कुठं जाती?"

"तसं नाही, पाण्यात आहे."

"ऱ्हाऊ द्या पाण्यात. चला."

ज्वारीतून वाट होती. मी मागे राहायला लागलो की हात ताणला जायचा आणि त्या थांबायच्या. वळून बघायच्या नाहीत. थांबायच्या. मी पाऊल टाकलं की त्या टाकायच्या. लिंबापाशी पोचायला बराच वेळ लागला. साखराबाई बिंदगं घेऊन पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीकडे गेली.

चुना पांढरा होता. कोपऱ्यात एक गवताची काडी उगवली होती. मामी हळूहळू खाली बसल्या, आधी काठीवर, मग माझ्या हातावर, मग जमिनीवर. पिशवी उघडली. आत एक हिरवी चोळी होती आणि बाजरीच्या पिठाचे चार उकडलेले उंडे होते. चोळी त्यांनी चौथऱ्यावर ठेवली, हातानं सपाट केली आणि हात तसाच ठेवला. रडल्या नाहीत. त्यांचे ओठ हलत होते, कानडीत काहीतरी चाललं होतं. मी उभा होतो. मला ओढ्याकडून माणसांचे आवाज ऐकू येत होते.

ओठ थांबल्यावर त्यांनी विचारलं, "तोंड कुणीकडं केलंय तिचं?"

आमच्यात बसवून पुरतात. मी म्हणालो, "पूर्वेला."

"पूर्व कुणीकडं?"

मी हात केला. ज्वारीच्या वर, त्या टोकाला, ओढ्यात उभ्या असलेल्या आमच्या गाडीचं डोकं दिसत होतं.

मामींनी तिकडे बघितलं. मग चौथऱ्याकडे बघितलं. "म्हंजी समदं बघितलं हिनं," त्या म्हणाल्या. "तीन तीन चकरा. आन ते हरभरं."

मला हसू आलं. दीड वर्षात पहिल्यांदा आलं, आणि ते नीट हसू राहिलं नाही. मी तोंडावर रुमाल धरला. रुमाल ओलाच होता.

"आलेलं बी बघितलं तिनं," मामी म्हणाल्या. त्यांनी शेजारची जागा हातानं झाडली. "बसा आता."

मी बसलो.